पहिल्या तासाचा घास

नाव राजकन्या, आणि जन्म गेला अंगणवाडीची पातेली घासण्यात. आईबापांनी काय बघून हे नाव ठेवलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण एक सांगतो, अख्ख्या शिरूर अनंतपाळमध्ये या बाईच्या हाताच्या चवीला तोड नव्हती. अंगणवाडीची खिचडी ती केवढी! तांदूळ तोच, डाळ तीच, मसाल्याची पुडीही तीच. तरी राजकन्यानं शिजवली की पोरं ताटल्या चाटून पुसून ठेवायची, आणि पोरांना न्यायला आलेल्या आयासुद्धा "बघू गं इतकुशी" म्हणत वाटी पुढं करायच्या. मीठ तिनं कधी चमच्यानं टाकलं नाही. मूठ भरायची, पातेल्यावर नेऊन जराशी ढिली करायची, झालं.

अशा बाईच्या ताटात अळणी अन्न यावं! देवाला काही कळतं की नाही, असं कधी कधी वाटतं.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी तिच्या पायांवर सूज चढायला लागली. बीपी आतल्या आत वाढत होतं, त्याचा कुणाला पत्ता नाही. लातूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं लातूर, चार तास डायलिसिसच्या मशीनवर, आणि दुपारच्या एसटीनं परत. मीठ बंद. टोमॅटो बंद, केळं बंद, शेंगदाणे बंद. भाजी चिरून उकळायची, पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायची. प्यायचं पाणी दिवसाला एक छोटी बाटली, त्यातच गोळ्या.

तिचा नवरा सुदाम पिठाची गिरणी चालवतो. भुवया कायम पांढऱ्या, बोलणं मोजकं. राजकन्याचं दुखणं आल्यापासून स्वयंपाक त्यानं आपल्या अंगावर घेतला. चव घेता येत नाही तर चुलीपाशी जायचं तरी कशाला, म्हणून तिनंही तिकडं पाठ फिरवली होती. ती पुढच्या खोलीत बाजेवर पडून असायची आणि अर्ध्या भिंतीपलीकडचे आवाज ऐकायची. आधी लहान पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज, ते तिचं. मग मोठ्या पातेल्यात पळी वाजायची, ते बाकीच्यांचं, मिठाचं. मुलगी दीपाली वर्षापूर्वी डी. फार्मसीला लातूरच्या होस्टेलवर गेली, तरी मोठं पातेलं वाजायचं काही थांबलं नाही. तिला ताट वाढून दिलं की सुदाम आपलं ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा.

"तुझ्यासमोर खाऊन तुझा जीव कशाला जाळू?" तो म्हणायचा.

आणि तिचा जीव तर त्या पाठीकडं बघूनच जळायचा. चोरासारखा पाठ करून मिठाचं खाऊन राहिलाय, मेला! खरंच, ती मनातल्या मनात त्याला मेला म्हणायची. जो माणूस दोन वर्षं तिला उचलून एसटीत बसवत होता, त्याला. मिठावाचून माणूस असं होतं.

आता बर्गरचं सांगतो. तुम्ही म्हणाल, शिरूरच्या अंगणवाडीतल्या बाईचा आणि बर्गरचा काय संबंध? तर तीन वर्षांपूर्वी दीपाली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि हट्ट करून मायला लातूरच्या 'एक नंबर बर्गर'मध्ये घेऊन गेली. राजकन्या आधी नाक मुरडत होती. "ह्या पावात काय सोनं भरलंय का?" पण पहिला घास घेतला आणि बाई गप्पच झाली. लोण्यात भाजलेला पाव, बाहेरून कुरकुरीत. आत बटाट्याची टिक्की, तिच्यात आपला काळा मसाला. वरून चीज, कांदा, टोमॅटो, आणि सगळ्यात शेवटी शेंगदाण्याच्या चटणीची मूठ. ती मूठ बघूनच तिनं मालकाला मनातून पसंत केलं. खारट, तिखट, धुरकट, चिकट, सगळं एका घासात. तिनं दोन खाल्ले.

त्यानंतर लातूरला अंगणवाडीची मीटिंग असली की मीटिंग सुटल्यावर ती एकटीच तिथं जायची. कोपऱ्यातलं टेबल. पदर सावरून बसायची आणि हळूहळू, एकेक घास जिभेवर घोळवत, एक बर्गर खायची. आयुष्यात कधी तिनं एकटीनं हॉटेलात बसून काही खाल्लं नव्हतं. माहेरी भावांचं आधी, सासरी सगळ्यांचं आधी. इथं मात्र आधी तिचं. घरी आल्यावर सुदामला सांगायची, "मीटिंगमध्ये चहा-बिस्किट दिले." एवढीच काय ती तिची चोरी.

आणि नेमकं ते दुकान बसस्टँडवरून दवाखान्याकडं जायच्या रस्त्यावर! आठवड्यातून दोनदा त्या तव्यासमोरून जायचं. लोणी तडतडायचं, वास यायचा, आणि राजकन्याचे पाय जमिनीला चिकटायचे. सुदाम तिचा हात ओढायचा. तिच्या तोंडात पाणी सुटायचं, आणि ज्या बाईला पाणी मोजून प्यावं लागतं तिला ते गिळतानाही भीती वाटायची.

एकदा बाजेवर पडून ती रडत होती. डोळ्यातलं पाणी ओठावर आलं, तिनं नकळत चाटलं, तर खारट! मग ती बाई मुद्दाम रडली. वाईट-वाईट आठवणी काढून रडली आणि ओठ चाटत राहिली. नंतर स्वतःचीच अशी शरम वाटली की पदरात तोंड खुपसून बसली. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

दवाखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर पारूबाई नावाची म्हातारी असायची, निलंग्याकडची. सहा वर्षं मशीनवर काढलेली, तोंडात दात तीन. एका शुक्रवारी मशीन सुरू झालं तशी पारूबाईनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून मिरचीचं भजं काढलं आणि मजेत खायला लागली. राजकन्याचे डोळेच विस्फारले.

"आवो मावशी, मरायचंय का काय?"

"गप गं. मशीनचा पहिला तास आपला असतोय," पारूबाई भजं चावत म्हणाली. "आता खाल्लं तर मागून ही मशीन सगळं धुऊन काढती. मातर उगं इतकुसं. बकाबका न्हाई. अन् डाक्टरला इचारून. मी इचारलंय."

वॉर्डातल्या मल्लम्मा सिस्टरनं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून पुढं गेली.

झालं! त्या दिवसापासून राजकन्याच्या डोक्यात एकच. पहिला तास. बर्गर. दुसरं काही सुचेना. परतताना एसटीतच तिनं सुदामला सांगितलं. सुदाम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "न्हाई."

"अख्खा नगं. अर्धा."

"न्हाई म्हणलं ना."

"पाया पडते तुमच्या. अर्ध्यातला अर्धा."

"दिवाळी इसरली का तू?"

दिवाळी तीही विसरली नव्हती. गेल्या दिवाळीत शेजारणीच्या घरी तिनं लपून दोन मुठी चिवडा खाल्ला. मग तहान लागली, मग पाणी प्याली, मग ते पाणी छातीत भरलं. चार दिवस आयसीयूत नाकातोंडात नळ्या. सुदाम ते चार दिवस दवाखान्याच्या जिन्याखाली बसून होता. त्याला तर कुणी जेवलास का म्हणूनही विचारलं नाही. तेव्हापासून घरातला मिठाचा डबा त्यानं गिरणीत नेऊन ठेवला होता, लागेल तेव्हा चिमूटभर पुडीत बांधून आणायचा. आता अशा माणसाकडं खारट मागायचं म्हणजे भाजलेल्याच्या हातात निखारा देण्यासारखंच. डॉक्टरांना विचारायचीही त्याची छाती नव्हती. डॉक्टर 'हो' म्हणाले तर काय, याचंच त्याला भ्या.

राजकन्यानं मग जेवणच सोडलं. रागानं नाही हो, खरंच घास उतरेना. अळणी भाकरी तोंडात फिरत राहायची, ओल्या मातीचा गोळा जणू. पंधरा दिवसांत गालाची हाडं वर आली. डॉक्टर ओरडले, "अंडं खा, डाळ खा, अंगात ताकद नसेल तर मशीन तरी काय करणार?" ती मान हलवायची आणि घरी येऊन ताट सरकवायची.

आणि एका शुक्रवारी रात्रीचं ताट सरकवताना ती शांतपणे म्हणाली, "मंगळवारी मी येणार न्हाई."

"कुठं?"

"लातूरला. मशीनवर. बस झालं आता."

मशीन चुकवणं म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आठ दिवस. फार तर दहा.

"चव न्हाई, पाणी न्हाई," ती म्हणाली. "मग जगून काय करायचंय? सुया टोचून घ्यायला का जगायचं?"

सुदाम उठला आणि गिरणीत जाऊन बसला. गिरणी बंद होती तरी बसला.

शनिवारी तो एकटाच लातूरला जाऊन आला. आणि रविवारी सकाळी त्यानं काय करावं? पाव आणले. बटाटे घेतले, चिरले, उकळले, पाणी फेकलं. परत उकळले, परत फेकलं. कांदा चिरला. टोमॅटोला हात लावला नाही, शेंगदाण्याला नाही. काळ्या मसाल्याची चिमूट टाकून टिक्की थापली, तव्यावर पाव भाजले. राजकन्या बाजेवर उठून बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरात तसला वास आला होता.

सुदामनं ताटली पुढं ठेवली. "खा. मीठ घातलंय."

"मीठ?"

"पेशंटचं मीठ हाय. लातूरच्या मॉलमधी मिळतंय. बीपीवाल्यांना चालतंय म्हणला तो पोरगा. सोडियम कमी हाय, असं लिवलंय वर." एवढं लांब बोलणं त्याला जमत नाही, पण त्या दिवशी तो बोलत होता. "दुकानातल्यासारका न्हाई झाला. तरी बघ."

तिनं दोन्ही हातांनी बर्गर उचलला. पहिला घास. जराशी कडवट चव होती खरी, पण खारट! खरंच खारट! तिचे डोळे मिटले. जीभ पार मागच्या कोपऱ्यापर्यंत जागी झाली. दुसरा घास. तिसरा. सुदाम उकिडवा बसून तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याच्या पिठाळ तोंडावर दोन वर्षांनी हसू आलं होतं.

तेवढ्यात दीपाली आली, रविवारची नेहमीसारखी. पिशवी खाली ठेवली, मायला खाताना बघून आधी खूश झाली. मग चुलीपाशी पडलेलं मिठाचं पाकीट उचललं, सहज उलटं केलं. आणि ओरडली.

"माय, थुक! थुक ते!"

तिनं मायच्या तोंडात बोट घालून घास काढला. हातातला बर्गर हिसकावून दाराबाहेर फेकला. राजकन्या किंचाळली, पोरीच्या अंगावर धावून गेली. कुत्र्याच्या तोंडून हाड काढल्यावर कुत्रं कसं करतं, तशी. सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

"पप्पा, हे पोटॅशियमचं मीठ आहे! सोडियम काढून त्यांनी पोटॅशियम घातलंय. किती टाकलं तुम्ही?"

सुदामनं मूठ वळून दाखवली. राजकन्या टाकायची तशी मूठ.

किडनीच्या माणसाला पोटॅशियम म्हणजे सरळ काळजावरच घाव. बटाट्यातलं विष त्यानं दोनदा उकळून फेकलं होतं, आणि वरून मुठीनं परत टाकलं होतं. शेजारच्याची जीप काढली. लातूरला पोचेपर्यंत राजकन्याचे हातपाय जड पडले होते आणि नाडी मध्येच थांबत होती. रविवारची सुट्टी असून मल्लम्मा सिस्टर धावत आली, मशीन जोडलं. सगळं निभावल्यावर मग तिनं सुदामला वॉर्डाबाहेर गाठलं.

"अहो मामा, एकदा विचारायचं तरी! अजून चार घास पोटात गेले असते म्हणजे?"

सुदाम भिंतीला टेकला, खाली बसला आणि मोठ्यानं रडला. बायकांसारखा, हंबरून. "मीच मारत होतो तिला, सिस्टर. माज्या हातानं." आत पलंगावर राजकन्याला ते ऐकू येत होतं. दोन वर्षांत त्याचं रडणं तिनं ऐकलं नव्हतं. मेला म्हणायला जीभ उचलली नाही तिची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मल्लम्मा सिस्टरनंच विषय काढला, कारण नवराबायको दोघंही मान खाली घालून बसले होते. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. "आधी विचारलं असतं तर इथवर आलंच नसतं," ते म्हणाले. "दर वेळी रक्त तपासू. पोटॅशियम ठीक असेल त्या दिवशी, महिन्यातून एकदा, पहिल्या तासात. पाव हिस्सा. टोमॅटो नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. आणि त्या बदल्यात रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग खायचा. कबूल?"

"हाव," राजकन्या म्हणाली. मंगळवारी येणार नाही म्हणालेली बाई, पुढच्या महिन्याचंही कबूल करून बसली.

त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी तपासणी बरी आली. सुया लागल्या, मशीन फिरायला लागलं, आणि सुदाम 'एक नंबर बर्गर'चा गरम पुडा घेऊन धापा टाकत आला. मल्लम्मा सिस्टरनं सुरीनं चार भाग केले, एक तिच्या उजव्या हातात दिला. डावा हात मशीनला बांधलेला.

तिनं आधी वास घेतला. मग इतकासा तुकडा तोडला. चीज जिभेवर विरघळलं, लोणी उतरलं, काळ्या मसाल्याचा धूर टाळूला लागला आणि मग ते खारट, असं लखलखीत, की डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. या वेळी तिनं ते चाटलं नाही. पदरानं पुसून टाकलं. पाव बर्गर खायला तिला वीस मिनिटं लागली. शेजारून पारूबाई म्हणाली, "कशी हाय गं, पोरी?" तिनं नुसती मान डोलावली.

मग पुड्यात उरलेले तीन भाग दिसले, आणि जुना जळफळाट वर आला.

"खा की आता," ती सुदामला म्हणाली. "तुमाला काय धाड भरलीया? रोजच मिठाचं खाऊन राहिलात पाठ करून."

सुदाम नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. त्यानं एक भाग उचलला, मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबला. तोंड वाकडं झालं, डोळे बारीक झाले. कसंबसं गिळून तो पाणी शोधायला लागला.

"लई खारट हाय गं," तो म्हणाला. "जीभच भाजली. कसं खातेत लोक?"

राजकन्या त्याच्याकडं बघत राहिली. बर्गर खारट नव्हता. आयुष्यभर मुठीनं मीठ टाकलेल्या बाईला एवढं कळत होतं. बर्गर होता तसाच होता.

"आवो," ती हळू म्हणाली. "मोठ्या पातेल्यात काय असतंय?"

सुदाम पाण्याची बाटली धुंडाळत राहिला.

"इचारून राहिले मी."

"काई नसतंय," तो म्हणाला. "दीपाली होती तवा तिच्यापुरतं असायचं. आता रविवारी असतंय. एरवी रिकामंच हाय. नुसती पळी वाजवतो."

"अन् तुमी?"

"मी तुझ्यातलंच. पहिल्यापास्नं." त्यानं बर्गर पुड्यात परत ठेवला. "तुला कळलं असतं तर तू खाऊ दिलं नसतं. म्हणून पाठ करून बसायचो."

तिच्या तोंडातली सगळी चव एका क्षणात गेली. या माणसाला आपण मेला म्हणत होतो! तिनं मोकळ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि मशीनचे उरलेले तीन तास सोडलं नाही. मल्लम्मा सिस्टर बीपी बघायला आली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीला धरून धरून चुलीपाशी गेली. "गिरणीतनं मिठाचा डबा आणा," म्हणाली. सुदाम घाबरला, पण तिच्या आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी टाकली. दोन वर्षांनी मूठ भरली, पातेल्यावर नेली, जराशी ढिली केली. चव घेता येत नव्हती. हाताचा भरवसा, दुसरं काय!

सुदाम ताट घेऊन सवयीनं भिंतीकडं वळला.

"इकडं," ती म्हणाली. "माज्याकडं तोंड करून."

तो समोर बसला. तिच्या पुढ्यात अळणी भाकरी आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग. त्यानं भीत भीत पहिला घास घेतला.

"मीठ कसं झालंय?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"रडू नका. नीट सांगा."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पहिल्यासारकंच."

त्याच्या तोंडात तो घास फिरत होता आणि तिचा जीव तुटत होता. वास नाकात, जीभ कोरडी, पुढचा बर्गरचा शुक्रवार जवळपास चार आठवडे लांब. उठून जावं, नाहीतर त्याच्या ताटातच हात घालावा, असं तिला झालं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले.

"आनखी घ्या," ती म्हणाली.